एकलहऱ्याची चिमणी, घुग्घुसची खाण

नाशिक जिल्ह्यात कोळशावर वीज तयार करणारी दोन केंद्रे आहेत. एक एकलहऱ्याचे, नाशिकरोडच्या पुढे, गोदावरीच्या काठी. तिथे आज उरलेले २१० मेगावॉटचे तिन्ही संच १९७९ ते १९८१ या काळातले, चाळिशी कधीच ओलांडलेले. दुसरे सिन्नर तालुक्यात गुळवंचला. तिथे २७० मेगावॉटचे पाच संच २०१७ पर्यंत उभे राहिले. क्षमता १३५० मेगावॉट, म्हणजे एकलहऱ्याच्या दुपटीहून जास्त. कोणालाही वाटेल की नवे केंद्र धडाक्यात चालत असेल आणि जुने भंगारात निघाले असेल. घडले उलटेच. जुने धापा टाकत का होईना, चालत राहिले. नवे वर्षानुवर्षे थंड पडले आणि अखेर दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात जाऊन पोचले.

दुसरे कोडे निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्याचे. उसात बिबट्या बसलेला असतो हे सगळ्या गावाला माहीत असते, तरी थ्री फेज लाइट रात्रीच येणार. मग बॅटरी आणि काठी घेऊन बारे द्यायला जायचे. दिवसा डोक्यावर रणरणते ऊन आणि पंपाला वीज मात्र रात्री, असे का?

ही दोन्ही कोडी एकाच दोरीला बांधलेली आहेत. त्या दोरीचे एक टोक एकलहऱ्यात आहे आणि दुसरे रेल्वेने जवळजवळ सातशे किलोमीटर पूर्वेला, चंद्रपूर-वणीच्या कोळसाखाणींत. सौर आणि पवन विजेकडे जाण्याच्या या काळात ती दोरी कुठून सुटायला लागली आहे, ते पाहण्यासाठी सुरुवात जमिनीपासूनच करावी लागेल.

नाशिकखाली कोळसा का नाही

ब्रह्मगिरी, अंजनेरी, सप्तशृंग हे सगळे डोंगर लाव्ह्याच्या थरांचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, थरावर थर साचले आणि आपला काळा पत्थर तयार झाला. कोळसा त्याहून फार जुना. पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीतली झाडे पाण्याखाली गाडली गेली. हवा न लागल्याने ती पूर्ण कुजली नाहीत. वर वाळू आणि चिखलाचे थर चढत गेले, दाब आणि उष्णतेने पाणी व वायू निघून गेले, मागे मुख्यतः कार्बन उरला.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात लाव्ह्याने आधीच्या खडकांवर जाड पांघरूण घातले आहे. ते पांघरूण नागपूरपाशी संपते. नागपुरातली सीताबर्डीची टेकडी अजून काळ्या पत्थराची, पण कामठीकडे गेले की वालुकाश्म लागतो, आणि कोळसा याच कुळातल्या खडकांच्या सोबतीने सापडतो. म्हणून राज्यातल्या कोळशाच्या खाणी नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांत एकवटल्या आहेत. (वणी म्हटले की नाशिककराच्या डोळ्यांपुढे सप्तशृंगीची वणी येते. कोळशाची वणी यवतमाळ जिल्ह्यातली.)

मग कोळसा तिकडे आणि वीजकेंद्र इकडे, हा उपद्व्याप कशाला? एकलहऱ्याचे पहिले दोन संच, प्रत्येकी १४० मेगावॉटचे, १९७० आणि १९७१ मध्ये सुरू झाले. त्या काळी विजेची भूक मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या पश्चिम पट्ट्यात होती आणि लांबवर वीज वाहून नेणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्या अपुऱ्या होत्या. वीज आणण्यापेक्षा कोळसा आणणे सोपे पडत होते. मुंबई-भुसावळ लोहमार्ग होता, गोदावरीचे पाणी होते. तेव्हाच्या हिशेबाने निर्णय बरोबरच होता. ते दोन संच पुढे निकालात निघाले. त्यांच्या बदली ६६० मेगावॉटचा एक नवा संच येणार अशी चर्चा नाशिकमध्ये इतकी वर्षे चालली की आता ती ऐकून कोणी मान वर करत नाही.

रोज एक मालगाडी

वीजकेंद्राचे काम समजायला अवघड नाही. कोळसा दळून पिठासारखा बारीक करतात आणि हवेच्या झोताबरोबर भट्टीत उडवतात. भट्टीच्या भिंती म्हणजे पाण्याच्या नळ्याच. त्या पाण्याची वाफ होते, ती प्रचंड दाबाने टर्बाइनच्या पात्यांवर आदळते, टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेरे घेते आणि त्याच दांड्यावर बसवलेले जनित्र वीज देते. काम झालेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करायची आणि बॉयलरला परत पाठवायची. एकलहऱ्याच्या वयाच्या संचांत कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. बाकीची थंड करणाऱ्या पाण्याबरोबर आणि चिमणीतून निघून जाते.

आता कोळशाकडे पाहू. आपल्याकडचा कोळसा दगड-मातीने भरलेला असतो. शंभर टन जाळला की तीस ते चाळीस टन राख उरते. अठ्ठावन्न वाघिणींची एक गाडी वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड करत लासलगाव-निफाड ओलांडून एकलहऱ्याला येते, तेव्हा त्यातल्या वीसेक वाघिणींत, हिशेब केला तर, राखच भरलेली असते. ती राख सातशे किलोमीटर आणायची, त्याचे भाडे भरायचे, आणि मग ती ठेवायची कुठे याची विवंचना करायची. काही राख सिमेंटला आणि विटांना जाते, उरलेली पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडतात. उन्हाळ्यात वारा सुटला की राख बंधाऱ्याच्या आसपासच्या घरांत ती जेवणाच्या ताटापर्यंत येते.

| चौकट: एका संचाचा एक दिवस |
|---|
| २१० मेगावॉटचा संच चोवीस तास पूर्ण भाराने चालला तर (आकडे ढोबळ): |
| वीज: ५० लाख युनिट |
| कोळसा: साडेतीन हजार टनांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण मालगाडी |
| राख: एक हजार ते चौदाशे टन |
| कार्बन डायऑक्साइड: सुमारे पाच हजार टन |
| एवढीच वीज दिवसाकाठी सूर्याकडून घ्यायची तर: सुमारे एक हजार मेगावॉटचे सौर प्रकल्प आणि चार हजार एकरांहून अधिक जमीन |

कोणाची वीज घ्यायची, हे ऐरोलीत ठरते

आपण दिव्याचे बटण दाबतो त्या क्षणी लागणारी वीज कुठेतरी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. मागणी आणि निर्मिती यांचा हा मेळ सांभाळणारे राज्य भार प्रेषण केंद्र नवी मुंबईत ऐरोलीला आहे. तिथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची ते ठरवतात.

ठरवण्याची रीत अशी. वीजकेंद्राला मिळणाऱ्या पैशाचे दोन भाग असतात. स्थिर आकार हा केंद्र बांधण्याचा, कर्जाचा, पगाराचा खर्च. करार असेल आणि केंद्र वीज द्यायला तयार असेल, तर वीज घेतली नाही तरी महावितरणला तो द्यावाच लागतो. दुसरा इंधनाचा खर्च, जेवढी वीज तेवढाच. स्थिर आकार कसाही द्यायचाच असल्यामुळे रोजचा निर्णय फक्त इंधनखर्चावर होतो. सगळी केंद्रे इंधनाच्या दराप्रमाणे चढत्या क्रमाने एका यादीत लावायची, वरून स्वस्त वीज घेत खाली यायचे आणि मागणी भागली की थांबायचे. वीज खात्यातली माणसे याला ‘मेरिट ऑर्डर’ म्हणतात.

पहिल्या कोड्याचे उत्तर यात आहे. गुळवंचच्या केंद्राकडे राज्याशी झालेला वीजखरेदी करार नव्हता. करार नाही म्हणून स्थिर आकार नाही, आणि हजारो कोटींच्या कर्जाचे हप्ते निव्वळ विकल्या जाणाऱ्या युनिटांतून फिटत नाहीत. यंत्रे कितीही नवी असली तरी ती या यादीत शिरूच शकली नाहीत. पुढे एनटीपीसी आणि महानिर्मिती यांनी मिळून ते केंद्र घेण्यासाठी बोली लावली. एकलहरे मात्र यादीत आहे. पण कुठे? तळाशी. यंत्रे जुनी, त्यामुळे प्रत्येक युनिटला कोळसा जास्त. खाण लांब, त्यामुळे प्रत्येक टनाला भाडे जास्त. चंद्रपूर आणि कोराडीची केंद्रे खाणींच्या कुशीत बसलेली. चंद्रपूरचे तर २९२० मेगावॉटचे आणि दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणी शेजारीच. त्यांच्याशी एकलहऱ्याने काय स्पर्धा करायची?

या यादीत आता सूर्य आला. त्याचा इंधनखर्च शून्य, म्हणून तो सगळ्यांच्या वर बसतो आणि खालच्यांना आणखी खाली ढकलतो. दुपारी बारा वाजता राज्यभरचे सौर प्रकल्प वीज ओतू लागले की यादीच्या तळाचे केंद्र बाहेर पडते. एकलहऱ्याचे संच ‘झिरो शेड्यूल’ला गेले, म्हणजे आज तुमची वीज नको, असे निरोप नाशिकला नवे राहिलेले नाहीत.

माझ्या मते या बदलाबद्दलच्या चर्चेत हीच गोष्ट सुटते. कोळशाचा काळ मावळतो तो खाणीपासून सुरू होऊन नव्हे. तो रेल्वेच्या दूरच्या टोकापासून मावळायला लागतो. नाशिकची चिमणी आधी थंडावते, चंद्रपूरची त्यानंतर कितीतरी वर्षांनी. खाणीच्या गावातल्या लोकांना त्यामुळे बराच काळ वाटत राहते की आपल्याकडे तर सारे जोरात चालले आहे.

चुलवाण विझवता येत नाही

आता बिबट्याचे कोडे. कोळशाचा बॉयलर गुऱ्हाळाच्या चुलवाणासारखा असतो. चुलवाण पेटवून तापायला वेळ लागतो, आणि एकदा तापले की एका काहिलीनंतर दुसरी चढेपर्यंत कोणी ते विझवत नाही. जाळ कमी करतात, इतकेच. पूर्ण थंड झालेला संच पुन्हा पूर्ण भारावर आणायला कित्येक तास जातात, आणि सुरुवातीला कोळसा पेटेपर्यंत महागडे तेल जाळावे लागते. शिवाय दर वेळी तापून थंड होताना जाड पोलादी नळ्या फुगतात-आकसतात आणि त्यांना चिरा पडण्याचा धोका वाढतो. जाळ कमी करण्यालाही मर्यादा आहे. क्षमतेच्या साधारण ५५ टक्क्यांखाली ज्वाला डळमळू लागते, म्हणून केंद्रांना तेवढे तरी चालू ठेवावे लागते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार ही मर्यादा टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरवायची आहे. चाळिशीतल्या संचांना हा व्यायाम झेपणे कठीण.

दिवसभर शहरे आणि कारखाने वीज खातात. रात्री अकरानंतर मागणी उतरते, पण हे चुलवाण तर धगधगतेच आहे. त्या विजेला गिऱ्हाईक कोण? शेतीपंप. म्हणून कृषिवाहिन्यांना आठवड्याच्या पाळ्या लावून एकदा दिवसा, एकदा रात्री वीज देण्याची पद्धत रूढ झाली. वाहिन्यांची तोकडी क्षमता हेही एक कारण होतेच. पण हिशेबाच्या मुळाशी कोळशाचा स्वभाव होता, आणि त्याची किंमत निफाडच्या शेतकऱ्याने झोप मोडून चुकती केली.

सूर्य हा हिशेब उलटा करतो. आता भरपूर आणि स्वस्त वीज दिवसाच असते, तर पंपही दिवसाच चालवलेले बरे. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेमागची कल्पना हीच. २०१७ मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबी इथून सुरुवात झाली, २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. गावाजवळच्या उपकेंद्राला लागून काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा करायचा आणि ती वीज थेट कृषिवाहिनीवर सोडायची. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे. लांबून वीज आणायची नसल्याने वाटेतली गळतीही वाचते. बिबट्या उसात राहीलच, पण त्याच्या आणि शेतकऱ्याच्या वेळा तरी वेगळ्या होतील.

घाटघरचे उलटे वेळापत्रक

संध्याकाळी सहा-सातला मात्र खरी पंचाईत होते. सूर्य मावळतो आणि नेमके त्याच वेळी घराघरांत दिवे, मिक्सर, टीव्ही, एसी सुरू होतात. तासा-दीड तासात हजारो मेगावॉट कुठून तरी उभे करावे लागतात. एकलहरे अजून जिवंत आहे ते या संध्याकाळसाठी आणि उन्हाळ्यातल्या टंचाईच्या दिवसांसाठी.

यावरचा एक तोडगा नाशिकच्या शेजारीच आहे. इगतपुरीच्या दक्षिणेला, भंडारदऱ्याच्या वर, सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर. वर एक तलाव, कड्याखाली शहापूर तालुक्यात चोंढे इथे दुसरा, मध्ये चारशे मीटरहून जास्त उंचीचा फरक. वीज फाजील असली की खालचे पाणी वर चढवायचे, वीज हवी असली की तेच पाणी खाली सोडून यंत्रे फिरवायची. २५० मेगावॉटचे हे केंद्र २००८ पासून चालू आहे. चार युनिट खर्चून तीनच परत मिळतात. तोटा दिसतो, पण नको असताना असलेली वीज हवी असताना मिळते, त्याचे हे मोल.

गंमत वेळापत्रकाची आहे. योजना आखली तेव्हा पाणी चढवायचे ते रात्री, कोळशाच्या फाजील विजेवर. सौर विजेच्या काळात पाणी भर दुपारी चढवण्यात शहाणपण आहे. यंत्रात एक बोल्टही न बदलता घाटघर कोळशाच्या पंगतीतून उठून सूर्याच्या पंगतीत बसू शकते. इगतपुरीजवळ भावलीला याच पद्धतीचा याहून कितीतरी मोठा प्रकल्प प्रस्तावित आहे. बॅटऱ्यांच्या किमती वेगाने उतरत आहेत, त्यामुळे दोन-चार तासांची साठवण त्याही करू लागतील.

मग एकलहऱ्याचे काय? चिमणी थांबली तरी तिथे चार मौल्यवान गोष्टी उरतात: शेकडो एकर सरकारी जमीन, पाण्याचा हक्क, रेल्वेचा फाटा आणि राज्याच्या जाळ्याला जोडणारे २२० केव्हीचे उपकेंद्र. शेवटची सर्वांत किमती. कुठल्याही सौर प्रकल्पाला किंवा बॅटरी केंद्राला असे जोडणीचे ठिकाण मिळवायला वर्षे घालवावी लागतात, इथे ते तयार आहे. वसाहतीतली कुटुंबे, कंत्राटी कामगार, राखेच्या विटांचे धंदे यांना झळ बसेल, यात वाद नाही. पण नाशिकला आधार अनेक आहेत. नाशिकरोडचे छापखाने, ओझरचे विमान कारखाने, सातपूर-अंबडच्या वसाहती, द्राक्षे, कांदा. एक केंद्र थांबले तर शहर दुखणे सोसून पुढे जाईल. गाडी जिथून सुटते तिथे मात्र चित्र निराळे आहे.

गाडी जिथून सुटते

आज आनंदवनामुळे माहीत असलेल्या वरोऱ्यात १८७० च्या दशकात सरकारी कोळसाखाण होती. तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा काढला. १९०६ मध्ये ती खाण बंद पडली. म्हणजे खाण संपल्यावर गावाचे काय होते, हा प्रश्न चंद्रपूर जिल्ह्याला शंभर वर्षांपूर्वीच भेटला होता. पण बल्लारपूर आणि घुग्घुसच्या खाणी वाढत गेल्या, माणसे तिकडे सरकली आणि प्रश्न पुढे ढकलला गेला. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये नागपूर मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी आली. इथले लोक तिला नुसते ‘वेकोलि’ म्हणतात. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या खाणींतून तिने २०२३-२४ मध्ये सुमारे ६ कोटी ९० लाख टन कोळसा काढला.

काढण्याची पद्धत पन्नास वर्षांत पार बदलली. पूर्वी बोगदे खणून माणसे खाली उतरत. आता बहुतेक कोळसा खुल्या खाणींतून येतो. वरची माती आणि दगड सुरुंग लावून फोडायचे, अजस्र डंपरांनी बाजूला टाकायचे आणि उघडा पडलेला थर उचलायचा. एक टन कोळशासाठी चार-पाच घनमीटर माती तरी हलवावी लागते. पहिल्या खड्ड्याची माती बाहेर डोंगर करून टाकण्यावाचून इलाज नसतो. खाण पुढे सरकली की पुढची माती मागच्या पोकळीत भरता येते. पण शेवटी सुरुवातीचा डोंगर तसाच राहतो आणि अखेरचा खड्डाही तसाच. खड्ड्यात पाणी साचून खोल तळे होते. डोंगरावर झुडपे माजतात आणि चंद्रपुरात त्या झुडपांत वाघ येऊन राहतात. नाशिकला उसात बिबट्या, इथे ढिगाऱ्यावर वाघ. वीज दोन्हीकडे जंगलाला माणसाच्या दाराशी आणून सोडते की काय, अशी शंका येते.

खाणीच्या गावात पैसा पोचतो कसा, हे समजले की पुढचा पेच समजतो. पहिली वाट जमिनीची. कोल इंडियाच्या धोरणात संपादित दोन एकरांमागे एक नोकरी असा निकष आहे. ज्यांची जमीन त्याहून कमी, ते शेतकरी आपापले तुकडे एकत्र मोजून एका नावावर नोकरी घेतात. एका घरातला एक जण ‘परमनंट’ झाला की सणावाराची उलाढाल, पतसंस्था, दुकाने, लग्नाची बोलणी, सगळे त्या पगारावर उभे राहते. पण शेत परत येत नाही, आणि नोकरी निवृत्तीबरोबर संपते. मुलाला ती मिळत नाही.

या नोकऱ्या कोळसा संपण्याच्या कितीतरी आधी कमी झाल्या, हे मात्र फार कमी बोलले जाते. सन २००० च्या सुमारास कोल इंडियात पाच लाखांहून अधिक कर्मचारी होते. आता ते सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत आणि उत्पादन तेव्हाच्या दुपटीहून जास्त आहे. मोठी यंत्रे आणि कंत्राटदार आले. सौर विजेने खाणकामगाराची भाकरी हिरावली, असे कोणी म्हणाले तर त्याला हे आकडे दाखवावेत. देशातले कोळशाचे उत्पादन २०२४-२५ मध्ये पहिल्यांदाच शंभर कोटी टनांवर गेले. कोळसा वाढतो आहे, कामगार घटतो आहे, आणि त्याच वेळी २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे राष्ट्रीय वचनही आहे.

त्यात प्रदूषणाची भर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर सर्वाधिक प्रदूषितांत चौथे आले होते.

सूर्य कोळशाची जागा विजेच्या जाळ्यात घेतो, गावात घेत नाही. एक हजार मेगावॉटचे सौर प्रकल्प राज्यभरच्या शेकडो उपकेंद्रांभोवती विखुरतील. त्यांचे भाडे वैजापूर, बुलढाणा, नांदेडच्या जमीनमालकांना जाईल. पत्रे धुणे, गवत काढणे, रखवाली अशी थोडीफार कामे तिथल्याच पोरांना मिळतील. घुग्घुसमध्ये यातले काही आपोआप उगवणार नाही.

काही प्रयोग झाले आहेत. वेकोलिने नागपूर जिल्ह्यात सावनेरला खाणीचे पर्यटन सुरू केले, खाणीत साचलेले पाणी शुद्ध करून विकले, ढिगाऱ्यांतून बांधकामाची वाळू काढली. वाळूचा धंदा मला यांत सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण नदीतल्या वाळूची टंचाई खरी आहे आणि ढिगारे कमी होणार नाहीत. पण हे सारे एका खाणीतल्या पगारांची तूट भरण्याइतके मोठे नाही.

रूरने साठ वर्षे घेतली

जर्मनीतल्या रूर खोऱ्याचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथल्या एका खाणीचे संग्रहालय झाले, युनेस्कोच्या यादीत गेले, छान फोटो निघतात. त्यापेक्षा दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, वेळ. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीत सहा लाखांच्या आसपास कोळसा खाणकामगार होते. शेवटची खाण बोट्रॉप इथे बंद झाली २०१८ च्या डिसेंबरात. मधली साठ वर्षे कामगार टप्प्याटप्प्याने निवृत्त होत गेले. साठच्या दशकापर्यंत त्या कामगारवस्तीत एकही विद्यापीठ नव्हते. बोखुमचे विद्यापीठ तेव्हा काढले गेले, म्हणजे पुढच्या पिढीला खाणीखेरीज दुसरी वाट मिळावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. रूरमधली जमीन खाणींमुळे काही ठिकाणी वीस मीटरपर्यंत खचली. पंप थांबवले तर वस्त्यांची तळी होतील. तिथे पाणी कायम उपसावे लागणार आहे, खाण नसली तरी. त्या खर्चासाठी २००७ मध्येच, शेवटची खाण बंद होण्याच्या अकरा वर्षे आधी, एक प्रतिष्ठान स्थापून कोळसा कंपनीचे भांडवल त्याच्याकडे दिले गेले. आता पंपांचा खर्च त्या भांडवलाच्या उत्पन्नातून निघतो.

आपल्याकडे २००९ पासून प्रत्येक कोळसाखाणीला बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात दरवर्षी पैसे ठेवणे बंधनकारक आहे. तो पैसा मुख्यतः खड्डा, ढिगारा आणि झाडे यांच्यासाठी. माणसांसाठीचा पैसा दुसऱ्या वाटेने येतो. २०१५ च्या कायदेबदलाने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. कोळशाच्या किमतीवर १४ टक्के रॉयल्टी असते. जुन्या खाणींना त्या रॉयल्टीच्या आणखी ३० टक्के एवढी रक्कम या प्रतिष्ठानला द्यावी लागते. चंद्रपूरला यातून मोठा निधी मिळतो आणि रस्ते, पाणीयोजना, शाळा, दवाखाने यांवर तो खर्च होतो.

ही कामे नकोत असे कोण म्हणेल? अडचण रॉयल्टीच्या स्वभावात आहे. खाण चालू आहे तोवर ती येते, आणि गावाला पैशाची सर्वांत जास्त गरज पडते ती खाण बंद झाल्यावर, म्हणजे नेमकी तिची धार आटल्यानंतर. २०२४ च्या सुधारित सूचनांनी, वर्षाला दहा कोटींहून जास्त जमा होणाऱ्या जिल्ह्यांना आवक निधीच्या दहा टक्क्यांपर्यंत रक्कम मुद्दल म्हणून बाजूला ठेवण्याची मुभा दिली, खाणी संपलेल्या भागांतल्या उपजीविकेसाठी. ती मुभा आहे, सक्ती नाही. दहा टक्के पुरतात की नाही हे ठरवायचे असेल तर मोजणी आजपासून पुढे करून भागणार नाही. घुग्घुसच्या शेवटच्या टन कोळशाचे वर्ष धरायचे, त्या वर्षी पन्नाशीच्या आत किती कामगार उरतील ते लिहायचे, आणि तिथून मागे मोजत यायचे. एकलहऱ्याला येणाऱ्या गाड्या कमी होऊ लागल्या, तेव्हाच हे गणित सुरू झाले.